पाळीच्या यादीतली फट

३ जानेवारी १९९४, सोमवार

संघाने नव्या वर्षाची कॅलेंडरं सगळ्यांना वाटली आणि डायऱ्या फक्त संचालकांना. एक डायरी उरली, ती अध्यक्ष शालिग्राम आबांनी मला दिली. उरली म्हणून दिली असेल, पण दिली. घरी येऊन बाबांना दोनदा दाखवली.

पहिल्या पानावर ओळख लिहावी म्हणतात. लता भिका सपकाळे, वय सत्तावीस, राहणार पिंप्राळा. केळी उत्पादक संघाच्या जळगाव कचेरीत संगणक विभागाची प्रमुख. विभागात मी एकटीच आहे, तरी प्रमुख आहे. काचेच्या खोलीत मशीन, बाहेर हॉलमध्ये चार टर्मिनल, कोपऱ्यात एक प्रिंटर. मशीन चालतं ते युनिक्स नावाच्या प्रणालीवर. मशीन बसवलं पुण्याच्या कंपनीने, छपाईचं पॅकेजही त्यांचंच. पाळीच्या यादीचा प्रोग्राम मात्र माझा, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत.

केळी जास्त आणि वॅगन कमी, म्हणून पाळी. बाग तयार झाली की नाव नोंदवायचं, नंबर घ्यायचा. संध्याकाळी फळ्यावर यादी लागते. नंबर लागलेला माणूस सकाळी घड कापतो आणि दुपारी सावद्याच्या रेल्वे धक्क्यावर आणतो. दुपारी एकला आम्ही शेवटची यादी छापून स्टेशनावर पाठवतो आणि तिच्याप्रमाणे माल चढतो. कापलेला घड झाडाला परत लावता येत नाही, त्यामुळे यादीत एक ओळ खालीवर झाली तर कोणाची तरी वर्षभराची मेहनत उन्हात पडते.

ते होऊ नये म्हणून मी बंदोबस्त केला आहे. लागलेली यादी बदलायचा अधिकार फक्त मशीनच्या मालकाला. युनिक्समध्ये त्याला रूट म्हणतात, आणि रूटचा पासवर्ड फक्त मला माहीत आहे. आईने एकदा विचारला होता, तिलाही सांगितला नाही.

६ जानेवारी, गुरुवार

तोताराम नानांसारखा विद्यार्थी मिळायला भाग्य लागतं. मशीन यायच्या आधी तीस वर्षं पाळीची यादी नाना हाताने ठेवत होते. वय सत्तावन्न. दिवाळीपासून मी त्यांना जेवणाच्या सुट्टीत मशीन शिकवते. बाकीच्यांना काम उरकल्याशी मतलब, नाना मात्र प्रत्येक गोष्टीचं कारण विचारतात. माझा प्रोग्रामही त्यांना विचारून विचारूनच लिहिला आहे. त्यांना बारीक दिसत नाही म्हणून मी पडद्यावर ओळी सुट्या सोडल्या, हे त्यांनी गावभर सांगितलं.

यादीत ओळ कशी उचलायची, कुठे ठेवायची, जपून कशी ठेवायची, सगळं त्यांना येतं. सरावासाठी मी खोटी यादी करून दिली आहे. खरी यादी शेजारच्याच कप्प्यात आहे, पण तुमच्या टर्मिनलवरून तिला हात लागायचा नाही, असं मी सांगितलं तर नाना नुसते हसले. म्हणाले, "तुनं समदं इचार करून ठेवेल आहे, पोरी. मले माहीत आहे." एवढं कौतुक आबांनी कधी केलेलं नाही.

आज नानांच्या घरून भरीत आलं होतं. मिरची जरा जास्तच होती.

११ जानेवारी, मंगळवार

जीवराम भंगाळे म्हणून सावद्याकडचे एक केळीवाले आहेत. चार वाजता कचेरीत आले आणि एकही शब्द न बोलता फळ्यावरची कालची यादी फाडून माझ्या टेबलावर ठेवली. तिच्यात त्यांचा नंबर बत्तिसावा. मग खिशातून दुसरा कागद काढला, आज दुपारी स्टेशनावर गेलेली यादी. तिच्यात तेहेतिसावा. बत्तीस नंबरापर्यंत वॅगन भरली आणि दार लागलं.

"माहे घड धक्क्यावर पडेल आहेत, बाई," ते म्हणाले. "उद्या काळे पडतीन. कोनाची वळख निघाली मधी, तेवढं सांगा. मंग मी जातो."

मी म्हटलं, लागलेली यादी बदलता येत नाही. तशी सोयच नाही. ते म्हणाले, "मंग हे काय आहे?" दोन्ही कागद शेजारी ठेवून मी ओळीओळीने ताडले. चौदाव्या नंबरावर लिलाबाई नेहेते हे नाव नवीन आलं होतं आणि खालचे सगळे एकेक ओळ सरकले होते.

नाना उठून भंगाळ्यांना पाणी घेऊन गेले. ते पिऊन होईपर्यंत शेजारीच उभे राहिले. माणूस किती मायाळू आहे.

१२ जानेवारी, बुधवार

मशीनला विचारलं. मशीन खोटं बोलत नाही. यादीला शेवटचा हात काल दुपारी बारा चाळीसला लागला आणि लावणारा रूट. रूट म्हणजे मी. बारा चाळीसला मी काचेच्या खोलीत दार लावून डबा खात होते. मेथीची भाजी साक्षीला येणार नाही.

आबांना हे सगळं मीच जाऊन सांगितलं. लपवलं असतं तर कोणाला कळलंही नसतं, पण सांगितलं. आबांनी ऐकून घेतलं. शेजारी बसलेले एक संचालक म्हणाले, "मी तवाच म्हने, किल्ली बाहेरच्या मानसाच्या हाती देऊ नका." आबा त्यांच्याकडे बघून गप्प बसायला म्हणाले नाहीत. मला म्हणाले, "लताबाई, पंचवीस तारखेला बैठक आहे. तोवर कोनी केलं ते दाखवा. नाही दाखवता आलं तर सभेला जे दिसंल ते सभा ठरवंल."

म्हणजे नोकरी जाईल. आणि नोकरीपेक्षा वाईट म्हणजे, लता सपकाळेने पाळी विकली असं तापीच्या दोन्ही काठांवर बोलतील.

रात्री जेवताना घरी सांगितलं. बाहेरचा माणूस हे मला कळलंच नाही, पिंप्राळ्याहून कचेरी सायकलवर दहा मिनिटं. बाबांनी हातातला घास खाली ठेवला आणि विचारलं, कोण बोललं. नाव सांगितलं तर म्हणाले, "हं." रेल्वेत पस्तीस वर्षं काढलेला माणूस, त्यांना कशाचं काय वाटेल सांगता येत नाही. नंतर म्हणाले, जे सापडेल त्याचा कागद करत जा, तारीख घालून.

१४ जानेवारी, शुक्रवार

संक्रांत. कचेरीत तिळगूळ वाटला. माझ्याकडून घेताना दोघांनी हात आखडता घेतला. मी मोजून ठेवलं आहे कोण ते.

१५ जानेवारी, शनिवार

संशय कुंदाबाईवर आहे. दुसऱ्या टर्मिनलवर ती नोंदणी टाइप करते आणि तिचं माहेर नेहेत्यांच्याच गावचं. शिवाय ती बोलत नाही, नुसती बघते. ती दुपारी घरी गेल्यावर मी तिचा खण उघडून पाहिला. माझा पासवर्ड कुठे लिहून ठेवलाय का ते बघायचं होतं. एक कंगवा, दोन लोकरीचे गुंडे, मुलाचं सही करायचं राहिलेलं प्रगतिपुस्तक. खण परत होता तसा लावला. चांगलं वाटलं नाही, पण माझी वेळच तशी आहे.

नाना संध्याकाळी काचेच्या खोलीत आले आणि उगाच उभे राहिले. मी म्हटलं, "नाना, अख्ख्या कचेरीत तुम्ही एकटे माझ्यावर विश्वास ठेवता." नाना म्हणाले, "तुनं नाही केलं, पोरी. मले पक्कं माहीत आहे." आणखी काहीतरी बोलणार होते, पण निघून गेले. एवढ्या खात्रीने माझ्याबद्दल आईसुद्धा बोलत नाही.

१७ जानेवारी, सोमवार

सापडली. मशीनमधली फट. नीट, क्रमाने लिहिते.

रोज आम्ही यादीची एक प्रत टेपवर घेतो. नोव्हेंबरपासूनच्या सगळ्या टेपा काढून एकेक ताडून पाहिल्या. लागलेली यादी पाच वेळा बदलली आहे. दर वेळी दुपारच्या सुट्टीत, दर वेळी रूटच्या हाताने. आधीच्या चार वेळी कोणीतरी गैरहजर होतं म्हणून वॅगनमध्ये जागा निघाली आणि ओरड झाली नाही. पाचही वेळा बाहेर कुठल्यातरी टर्मिनलवर छपाईचं पॅकेज चालू होतं. कागदावर जायच्या आधी यादी पडद्यावर पानापानाने दाखवतं ते. कुठल्या टर्मिनलवर ते मात्र मशीन लिहून ठेवत नाही.

मग मी चौथ्या टर्मिनलवर बसले, यादी छपाईला घेतली, पडद्यावर आणली आणि कीबोर्डवरची एकेक कळ दाबत गेले. दाबली की वहीत लिहायचं, काय झालं. अक्षरं संपली, आकडे संपले. शिफ्ट धरून परत सुरुवात केली. पहिलीच कळ, एकाच्या वरचं उद्गारचिन्ह. एन्टर मारल्यावर यादी गेली आणि मोकळ्या पडद्यावर रूटची खूण आली. पासवर्ड विचारला नाही, काही नाही. मी काचेच्या खोलीबाहेर लाकडी स्टुलावर बसून मशीनची मालकीण झाले होते.

कारण कळायला एक चहा लागला. छपाईच्या पॅकेजला प्रिंटर हाताळावा लागतो, म्हणून कंपनीने त्याला सरळ मालकाचाच अधिकार देऊन टाकला. आळशीपणा, दुसरं काही नाही. आणि त्या कळेने पॅकेजच्या आतून नवीन पडदा उघडतो, तर त्या पडद्यालाही तोच अधिकार. पाण्याची टाकी धुवायला आलेल्या माणसाला तिजोरीसकट घराच्या सगळ्या किल्ल्या द्याव्यात तसं.

म्हणजे माझा पासवर्ड फुटला नाही. माझ्या प्रोग्राममध्ये चूक नाही. बाबांनी सांगितल्याप्रमाणे तारीख घालून कागद केला आणि मग बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं.

१८ जानेवारी, मंगळवार

पुण्याला एसटीडी लावला. तिथल्या साहेबांना सगळं क्रमाने सांगितलं. ते म्हणाले, ती सोय आहे, चूक नाही. मी म्हटलं, सोय कोणाची? ते म्हणाले, मॅडम, यादी बघताना ती कळ दाबणार कोण? मी म्हटलं, कोणीतरी पाच वेळा दाबली. तुमच्याकडे इतर कोणाची तक्रार नाही, म्हणाले. नवीन आवृत्ती दिवाळीनंतर येईल, तिच्यात बघू.

दिवाळीनंतर. माझ्याकडे सात दिवस आहेत. आणि "मॅडम" कसं म्हणाले ते मी विसरणार नाही.

१९ जानेवारी, बुधवार

त्याच कंपनीचं तसंच मशीन धुळ्याच्या एका सूतगिरणीत आहे. इतर कोणाची तक्रार नाही ना, मग एक करून आणू म्हटलं. सकाळच्या एसटीने पारोळ्यावरून गेले. तिथले ऑपरेटर भटू अहिरे, माझ्याच वयाचे. आधी पाणी, मग चहा, मग नाश्ता, मग काम. छपाईला हजेरीची यादी घेतली, ती कळ दाबली आणि रूटची खूण आली.

भटूभाऊ जराही दचकले नाहीत. म्हणाले, "ताई, हाई तं माले माहीत शे. मशीनना स्वभाव शे तो."

मी विचारलं, कंपनीला का नाही कळवलं.

"माले वाटनं बठ्ठा मशीन असाच ऱ्हातंस," ते म्हणाले. बठ्ठा म्हणजे सगळे. मग पडद्यावरच्या त्या खुणेवर बोट ठेवलं. "म्हनजे आठे कोनबी कोनीबी हजेरी फिरवू शकस. आठशे मानसं शेतस, ताई."

त्यांनी गिरणीच्या कागदावर सही-शिक्क्यानिशी लिहून दिलं. उपाय सापडला की पहिला त्यांना देईन असं मी कबूल केलं. उपाय अजून माझ्याजवळ नाही हे सांगितलं नाही.

२१ जानेवारी, शुक्रवार

आजचा दिवस गाळावा असं वाटतं, पण डायरीत खोटं नको. सकाळी मी पॅकेजचा मालकाचा अधिकार सरळ काढून घेतला. एका ओळीचं काम. फट बंद झाली आणि छपाईही बंद झाली. पॅकेजला प्रिंटरपर्यंत पोचताच येईना. घाईत आधीची मांडणीही मी लिहून ठेवली नव्हती. दीड तास नुसती उलटसुलट करत बसले आणि इकडे एक वाजत आला. स्टेशनावर यादी जायची, आणि धक्क्यावर बत्तीस जणांचा माल.

मी फळ्यावरून यादी उतरवायला उठले, तर नानांनी खुर्ची ओढली आणि म्हणाले, "लिही." डोळे मिटून त्यांनी बत्तीसच्या बत्तीस नावं नंबरवार सांगितली. मी हाताने लिहिली. नंतर पडद्याशी ताडून पाहिली, एक चूक नाही. मला माझ्या प्रोग्रामचा अभिमान आहे, पण आज जरा गप्प बसले.

२२ जानेवारी, शनिवार

जमलं.

मशीनवर एक नवीन नाव तयार केलं, "छपाई". त्याच्या ताब्यात फक्त प्रिंटर आणि छापायला आलेले कागद. पॅकेजचा मालकाचा अधिकार काढला आणि त्याला या "छपाई"चा अधिकार दिला. आता ती कळ दाबली तरी जो पडदा उघडतो त्याला प्रिंटरपलीकडे काही करता येत नाही. पाळीच्या यादीला हात लावला की मशीन नाही म्हणतं. मी पन्नास वेळा दाबून पाहिलं. पन्नास वेळा नाही म्हणालं. इतकं गोड नाही मी कोणाच्या तोंडून ऐकलेलं नाही.

मग वाटलं, एका पॅकेजला असं दिलं तर दुसऱ्यांनाही दिलं असेल. मालकाच्या अधिकाराने चालणारे मशीनवरचे सगळे प्रोग्राम काढले. एक्केचाळीस निघाले. एकेकाची तपासणी केली. टपालाच्या पॅकेजमध्ये एक आणि टेपच्या पॅकेजमध्ये एक अशा आणखी दोन फटी सापडल्या. त्याही बुजवल्या. कोणी सांगितलं नव्हतं, कोणाला कळलंही नसतं. पाच पानांची टिपणं केली, धुळ्याला एक प्रत टाकली आणि पुण्याला एक, रजिस्टरने. पुण्याच्या पाकिटावर पत्ता जरा ठळक लिहिला.

२३ जानेवारी, रविवार

फट कळली, हात कोणाचा ते नाही. बैठकीत आबा तेच विचारणार.

मधे घुसलेली पाच नावं घेऊन बसले. पाच वेगळी गावं, पाच वेगळी घरं. आईला वाचून दाखवली, नुसती. आई भाजी निवडत होती. म्हणाली, "नेहेत्यांच्या लिलाबाईचा नवरा गेला ना गं गेल्या महिन्यात? बाबांच्या रेल्वेतल्या मित्राचा पाहुणा तो." बाकी नावांचं आईला माहीत नव्हतं, पण माझं डोकं तिथेच अडलं. कचेरीची किल्ली माझ्याकडे असते. जाऊन जुन्या याद्यांचे गठ्ठे काढले, मशीनच्या आधीचे, नानांच्या हातचे.

नानांच्या यादीत काही नावं लाल पेन्सिलने वर घेतलेली आहेत. घरात मयत झालेली माणसं. दुखवट्यात पाळी चुकते आणि बाग मात्र थांबत नाही, म्हणून कोणीतरी आपली पाळी त्या घराला देतो, ही इकडची रीत. अशा प्रत्येक नावापुढे नानांनी एकच खूण केली आहे. उभी रेघ आणि तिच्याखाली टिंब.

तीच खूण कीबोर्डवर एकाच्या वर आहे.

२४ जानेवारी, सोमवार

दुपारच्या सुट्टीत नानांसमोर जुनी यादी ठेवली आणि त्या खुणेवर बोट ठेवलं. नाना म्हणाले, "हा." नुसतं हा.

मी खूप बोलले. तेरा दिवस मी चोर होते, लोकांनी माझ्या हातचा तिळगूळ घेतला नाही, माझ्या बापाने घास खाली ठेवला आणि तुम्ही रोज समोर बसून डबा खात होतात. नानांनी मला बोलू दिलं. मग म्हणाले, "नोव्हेंबरात एका घरी मयत झाली. यादी पडद्यावर होती. सवयीनं मी खूण टाकली, आन् मशीन उघडलं. मले वाटलं, हे तुनंच ठेवेल आहे माह्यासाठी. तुनं मले ईचारूनच तं सारं करेल होतं. माही खूणबी ध्यानात ठेवली पोरीनं, असं वाटलं."

मी विचारलं, मग आधी का नाही सांगितलंत.

"त्या दिवशी तू जीवरामले म्हने का अशी सोयच नाही. तव्हा मले कळलं. मंग मी रोज सांगाले येत होतो. रोज तू म्हने, नाना, तुम्ही एकटेच माह्यावर विश्वास ठेवता. तोंड उघडेच ना, पोरी."

मी म्हटलं, "पूर्वी कोणाची पाळी काढली तर त्याला विचारत होतात ना?"

"सायकलवर जात होतो. घरी जाऊन, ओट्यावर बसून. मशीनवर ईचारायची जागाच नाही ना. ओळ उचलली का झालं." मग म्हणाले, "जीवरामले ईचाराले पाह्यजे होतं. हे माहं चुकलं."

मार्चअखेर ते निवृत्त होतात. उद्या मी कोणाचं नाव घ्यायचं आणि कोणाचं नाही, माझं मलाच कळत नाही. रागही गेलेला नाही. चोर ठरण्यापेक्षा हे अवघड आहे.

२५ जानेवारी, मंगळवार

बैठकीला टर्मिनल सभागृहात नेलं. जीवराम भंगाळ्यांनाही बोलावलं होतं. मी आधी मशीनची जुनी मांडणी लावून फट दाखवली. किल्लीबद्दल बोललेल्या त्या संचालकांनाच खुर्चीवर बसवलं आणि त्यांच्याच बोटाने कळ दाबायला लावली. रूटची खूण आल्यावर म्हटलं, आता तुम्ही मालक आहात, आणि किल्ली तुम्हाला कोणी दिलेली नाही. ते हात मागे घेऊन बसले. मग नवी मांडणी लावली आणि तीच कळ परत दाबायला सांगितली. धुळ्याचा कागद वाचला. आणखी दोन फटी सापडल्याचं सांगितलं. एकदाही अडखळले नाही.

आबा म्हणाले, "फट पटली. आता हात कोनाचा?"

मी म्हटलं, "आबा, मशीन माणूस सांगत नाही." हे खरं होतं. मलाही सांगायचं नव्हतं आणि गप्पही बसायचं नव्हतं, तेवढ्यात मागून नाना उठले. टोपी हातात घेतली आणि कालचं सगळं सांगितलं, एक शब्द कमी नाही की जास्त नाही. शेवटी म्हणाले, "लताबाईचं नाव खराब झालं ते माह्यापायी. आधी ते लिहून घ्या."

भंगाळ्यांनी विचारलं, "माही पाळी कोनाले गेली?" नाना म्हणाले, लिलाबाईला, नवऱ्याचं तेरावं नुकतंच झालं होतं. भंगाळे नानांकडे वळले. मग म्हणाले, "मले ईचारलं असतं तं मी देली असती, नाना. आधी कव्हा नाही म्हने का मी?"

नाना रडले. सत्तावन्न वर्षांचा माणूस, सगळ्यांसमोर.

मग मी उठले. ठरवलं नव्हतं, पण उठले. म्हटलं, फट बुजवली, पण फटीतून जे येत होतं ते थांबणार नाही, ते दुसरी फट शोधेल. प्रोग्राम लिहिताना मी यादी पक्की केली आणि पाळी द्यायची रीत बाहेर ठेवली. ती चूक नानांची नाही, कंपनीची नाही, माझी आहे. पंधरा दिवस द्या, मी मशीनमध्ये पाळी द्यायला जागा करते. देणाऱ्याची सही असेल तरच ओळ हलेल आणि कोणी कोणाला दिली ते फळ्यावर छापून येईल.

ठराव झाला. मशीनची जबाबदारी माझ्याकडे कायम. नानांना टर्मिनलवरून काढलं आणि देणाऱ्याकडे जाऊन सही आणायचं काम मार्चपर्यंत त्यांना दिलं. माझ्याबद्दलचं जे बोलणं झालं होतं ते चुकीचं होतं, असंही इतिवृत्तात लिहून घेतलं. घरी बाबांनी इतिवृत्ताची नक्कल चष्मा लावून वाचली, घडी घातली आणि आपल्या पेन्शनच्या कागदांत ठेवली.

२७ जानेवारी, गुरुवार

रूटचा पासवर्ड आता एकटीकडे ठेवायचा नाही. ज्याच्याकडे एकट्याकडे आहे त्याच्यावरच बोट येतं, हे मी शिकले. अर्धा मी टाइप करीन आणि अर्धा कुंदाबाई. तिला सांगायला गेले, तर म्हणाली बरं.

म्हणाली, "नाना दुपारी काय करत होते ते मी बघितलं होतं."

मी म्हटलं, मग सांगितलं का नाहीस?

"मला वाटलं तुम्हीच करायला दिलंय. आणि नंतर तुम्ही विचारलं असतं तर सांगितलंच असतं. तुम्ही माझा खण बघितला. लोकरीचे गुंडे उलटे ठेवले होते."

मी माफी मागितली. ती म्हणाली, असू द्या, आणि अर्ध्या पासवर्डसाठी मुलाचं नाव चालेल का विचारलं. नाही चालणार असं सांगावं लागलं.

९ फेब्रुवारी, बुधवार

पुण्याहून फ्लॉपी आली. "छपाई पॅकेज, तातडीची दुरुस्ती, सर्व ग्राहकांसाठी." आत बघितलं तर माझीच टिपणं. नवीन नावसुद्धा बदललेलं नाही, "छपाई"च. सोबतच्या पत्रात लिहिलं आहे की कंपनीच्या तज्ज्ञांनी ही त्रुटी शोधली. मी खूप चिडले. मग पत्राखालची यादी वाचली, कुठे कुठे पाठवली ती. नागपूर, नाशिक, कोल्हापूर, लातूर, एकूण त्रेसष्ट ठिकाणं. त्रेसष्ट मशीनवर माझं काम चालणार. चिडणं जेवणापर्यंतसुद्धा टिकलं नाही.

भटूभाऊंचं कार्डही आलं. "ताई, पुनाथीन आते उनं. आम्ही तं तुमनंच पंधरा दिन पहिले बसाडेल शे." म्हणजे पुण्याचं आत्ता आलं, माझं त्यांनी पंधरा दिवस आधीच बसवलंय. ते कार्ड मी काचेवर चिकटवलं, बाहेरून वाचता येईल असं.

१७ फेब्रुवारी, गुरुवार

पहिली पाळी नव्या जागेतून गेली. चिनावलकडच्या एका घरी मयत होती. नाना पहाटेच्या एसटीच्या टपावर सायकल टाकून गेले आणि दहाला परत आले, हातात सही केलेला कागद. मी माझा अर्धा पासवर्ड टाकला, कुंदाबाईने तिचा. नानांनी लांबूनच बघितलं, टर्मिनलला हात लावला नाही. चारला फळ्यावर यादी लागली. खाली वेगळी ओळ छापून आली, पाळी देणार आणि पाळी घेणार, दोन्ही नावं पूर्ण.

नानांच्या लाल पेन्सिलीत घेणाऱ्याचं नाव दिसायचं, देणाऱ्याचं कधीच नाही. आज प्रथमच देणाऱ्याचं नाव सगळ्या जिल्ह्याच्या केळीवाल्यांनी फळ्यावर वाचलं. देणारे गृहस्थ स्वतः सावद्याहून आले होते, खास वाचायला. तीन वेळा वाचलं. कोणी फळ्यापाशी आलं की बाजूला व्हायचे आणि त्यांचं वाचून होईपर्यंत थांबायचे. फाडू नका म्हणून मलाही बजावून गेले.

साडेपाचला शालिग्राम आबा काचेच्या खोलीत आले. दार ठोठावून आले, हे पहिल्यांदाच. म्हणाले, "लताबाई, चारपासून माह्याकडे सात जन येऊन गेले. घरात कोनी गेलं नाही, काही नाही, तरी म्हनतात आमची पाळी कोनाले तरी द्या अन् नाव छापा. घेनारा एक अन् देनारे सात. याचा काही बंदोबस्त मशीनमधी होतो का?"

मी म्हटलं, आबा, तपासून सांगते. ते गेल्यावर बराच वेळ एकटीच हसत बसले, आणि तपासलं काहीच नाही.